गेमवरचा १६ चा आकडा नेमके काय सांगतो?

बेळगावातल्या अनगोळला माझी धाकटी बहीण राहते. गेल्या मे महिन्यात एका दुपारी तिने वरच्या खोलीचे दार उघडले, तेव्हा तिचा मुलगा गादीवर उताणा पडला होता आणि दाराचा आवाज होताच त्याने हातातला मोबाईल छातीवर पालथा घातला. मुलाला पंधरावे चालू आहे, यंदा तो दहावीला बसणार आहे. "काय करालायस रे?" असे तिने विचारले, "काही नाही" असे उत्तर आले, आणि मोबाईल कपाटात गेला. आठ दिवसांनी रात्री दोनच्या सुमारास ती पाणी प्यायला उठली तर गच्चीचे दार नुसते लोटलेले होते, आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून तो मित्राच्या जुन्या, काच तडकलेल्या मोबाईलवर तोच गेम खेळत होता.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "अक्का, त्या गेमवर सोळा लिहिलंय. ह्याला अजून पंधरा पुरी झाली नाहीत. मग मी मोबाईल काढून घेतला त्यात माझं काय चुकलं?"

मी गेली बावीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवते आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने प्रत्येक पालकसभेत ऐकते. प्रश्न रास्त आहे. पण तो आकडा कोण ठरवतो, कशावरून ठरवतो आणि त्यातून काय सुटून जाते, हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून आधी त्या आकड्याबद्दलच सांगते.

चित्रपटाला प्रमाणपत्र देणारे मंडळ आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे गेमवरचा आकडाही सरकारच छापत असावे असे पुष्कळांना वाटते. भारतात गेमसाठी असे प्रमाणपत्र मंडळ नाही. ही पद्धत मुळात अमेरिकेतली. तिथे १९९३ च्या डिसेंबरात सिनेटपुढे गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली. त्या वेळी गाजत असलेल्या 'मॉर्टल कॉम्बॅट' या गेममध्ये हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचे मुंडके पाठीच्या कण्यासकट उपटण्याचे दृश्य होते, आणि ते दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लहान मुले पाहत होती. सरकार कायदा करील या धास्तीने गेम बनवणाऱ्यांनी १९९४ मध्ये स्वतःच, गेमला वयाचा टप्पा ठरवून देणारे 'ईएसआरबी' हे मंडळ स्थापले. युरोपात २००३ पासून 'पेगी' ही पद्धत आली आणि तिने ३, ७, १२, १६ आणि १८ असे पाच टप्पे केले. पुढे मोबाईलवर रोज शेकडो गेम येऊ लागले, एकेक खेळून पाहणे माणसांच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा २०१३ मध्ये 'आयएआरसी' ही संयुक्त व्यवस्था उभी राहिली. गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो: रक्त दिसते का, शिव्या आहेत का, जुगार आहे का, नग्नता, दारू, अमली पदार्थ आहेत का. त्या उत्तरांवरून संगणक प्रत्येक देशाच्या पद्धतीप्रमाणे वयाचा आकडा काढतो. आपल्या अँड्रॉइड मोबाईलच्या प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली जो १२ किंवा १६ दिसतो तो असा आलेला असतो.

या आकड्याला खेळ किती अवघड आहे याच्याशी काही देणेघेणे नाही. बुद्धिबळाच्या गेमवर ३ असते, पण तीन वर्षांचे मूल काही बुद्धिबळ खेळत नाही. पडद्यावर काय दिसते आणि काय ऐकू येते, एवढेच मुख्यतः मोजले जाते. ढोबळमानाने सांगायचे तर १२ च्या गेममध्ये माणसासारख्या पात्रांवरची हिंसा असते, पण ती खोटी, चित्रातली वाटते. १६ च्या गेममध्ये ती प्रत्यक्षात दिसेल तशी दिसते. आणि १८ च्या गेममध्ये ती क्रूर असते, विनाकारण असते किंवा निराधार माणसावर केलेली असते. माझ्या बहिणीने वाचलेल्या १६ चा अर्थ इतकाच होता. तिचा मुलगा त्या गेममध्ये कोणाशी बोलतो, गेम त्याच्याकडून पैसे कसे काढतो आणि रात्री तो त्याला किती वाजता सोडतो, यांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर त्या आकड्यात नव्हते.

याचा सगळ्यात बोलका पुरावा आपल्याकडेच आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात 'पबजी मोबाईल' होता. २०२१ च्या जुलैमध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' या नावाने भारतासाठी नव्याने आला, आणि येताना रक्ताचा लाल रंग बदलून हिरवा झाला, 'किल' या शब्दाच्या जागी 'फिनिश' आला, आणि १८ वर्षांखालच्या खेळाडूला दिवसाला तीन तासांची मर्यादा आली. तीन तासांची मर्यादा उपयोगाची आहे, पण ती खेळाडू आपले वय खरे सांगतो की नाही यावर उभी आहे. रक्ताच्या रंगाचे म्हणाल, तर हिरवे रक्त पाहून एखादा मुलगा तासभर लवकर झोपला असे मला तरी दिसलेले नाही. उलट 'फिफा' या फुटबॉलच्या गेमवर युरोपात वर्षानुवर्षे ३ हा आकडा होता, कारण त्यात कोणी कोणाला मारत नाही. मात्र आत पैसे भरून बंद पाकिटे उघडायची आणि नशिबाने चांगला खेळाडू मिळतो का पाहायचे, अशी सोय होती. २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामकांनी अशा पाकिटांना जुगार ठरवले आणि कंपनीला तिथली विक्री थांबवावी लागली. म्हणजे ज्या गेमवर सगळ्यात लहान आकडा, त्यात जुगाराची सवय लागण्याची जागा होती.

आता मुलाकडे वळू. समज ही वयाबरोबर जिना चढल्यासारखी एकसारखी वाढत नाही, आणि एकाच मुलात ती सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गंमत म्हणजे तोही व्हिडिओ गेमचाच होता. गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचे की रेटायचे ते ठरवायचे. तेरा ते सोळा वर्षांची मुले, अठरा ते बावीस वर्षांचे तरुण आणि चोविशीच्या पुढचे प्रौढ असे तीन गट होते. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी मित्र उभे होते. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी घेतलेले धोके खूप वाढले. प्रौढांना मात्र कोणी बघत असण्याने फारसा फरक पडला नाही. मेंदूचा मागचापुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पुरता तयार होतो, आणि कौतुकाने, चढाओढीने पेटणारा भाग मात्र वयात येतानाच जोरात असतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

घरातल्या भाषेत याचा अर्थ असा, की दुपारी चारला स्वयंपाकघरात आईशी बोलणारा पंधरा वर्षांचा मुलगा आणि रात्री अकराला कानात हेडफोन घालून तीन मित्रांबरोबर खेळणारा तोच मुलगा, या दोघांची समज एकसारखी नसते. पहिला गोष्टीतले बरेवाईट तुमच्याआमच्याइतके नीट सांगू शकतो. त्याला पडद्यावरच्या हिंसेपासून जपण्यात आपण जी शक्ती घालवतो, ती बहुधा चुकीच्या दाराशी उभी असते. दुसऱ्याला आपली गरज असते, आणि त्या वेळी आपण झोपलेलो असतो.

आमच्या भागात कुस्तीची परंपरा आहे, त्यामुळे पालकांना मी तालमीचे उदाहरण देते आणि ते लगेच पटते. वस्ताद पोरांची जोड लावतो तेव्हा वय विचारतो, पण वयावर थांबत नाही. वजन बघतो, पोरगा किती दिवस मातीत आहे ते बघतो, दम बघतो, आणि मागच्या खेपेला चीतपट झाल्यावर तो कसा वागला हे तर नक्कीच बघतो. रडला, चिडला, की उठून हात मिळवला. बारा वर्षांच्या पोराला वीस वर्षांच्या पैलवानासमोर कोणी उभे करत नाही. पण दुखापत होईल म्हणून त्याला हौद्यातच उतरू दिले नाही, तर तो विसाव्या वर्षीही बारा वर्षांच्या पोराइतकाच कच्चा राहील, हेही वस्तादाला पक्के ठाऊक असते.

हिंसेची गोष्ट मुलांपासून लपवायची असती तर आपण आपली निम्मी संस्कृती कुलपात ठेवली असती. दिवाळीत शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत मुले मातीचे किल्ले करतात, त्यावर मावळे मांडतात, तोफा लावतात. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत अफझलखान वधाचा देखावा चार वर्षांचे मूल बापाच्या खांद्यावर बसून बघते, आणि त्याला वयाचा आकडा लावावा असे आपल्याला सुचत नाही. हे चूक आहे असे मी म्हणत नाही. ते चालते, कारण त्या दृश्याबरोबर सांगणारा माणूस असतो. भेट का ठरली, चिलखत का घातले, आधी वार कोणी केला, हे आजोबा सांगतात, आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे हेही मूल त्याच वयात ऐकते. दृश्य तेवढेच भयंकर राहते, पण ते मुलाच्या मनात एकटे राहत नाही. गेममधली हिंसा आपल्याला अधिक भयंकर वाटते त्याचे एक कारण असे आहे की तिथे सांगणारे कोणी नसते, आणि ती जागा आपण स्वतःहून रिकामी ठेवलेली असते.

पोलंडमध्ये याचा विचार सरकारी पातळीवर झाला. 'धिस वॉर ऑफ माइन' हा तिथेच तयार झालेला २०१४ चा गेम. वेढा पडलेल्या शहरातले सामान्य नागरिक अन्नासाठी, औषधासाठी काय काय करतात ते त्यात खेळाडूला ठरवावे लागते. म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून औषधे चोरायची का, असे प्रश्न पडतात. त्यावर १८ चा आकडा आहे. २०२० मध्ये पोलंड सरकारने तो मोठ्या वयाच्या शालेय विद्यार्थ्यांसाठी पूरक वाचनाच्या यादीत घेत असल्याचे जाहीर केले. आकडा तोच राहिला, शेजारी शिक्षक आला.

माझ्या वर्गात तीन वर्षांपूर्वी एक मुलगा होता, तेरा वर्षांचा. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने सैनिकांची मुले आमच्या शाळांत नेहमीच असतात, त्याचेही वडील सैन्यात आणि तेव्हा सीमेवर होते. मधल्या सुट्टीत बाकीचे खेळाच्या गप्पा मारत असताना हा गप्प असे, म्हणून मी सहज विचारले. तो म्हणाला, "मॅडम, गेममध्ये मेलेला परत लॉबीत येतो. पप्पा सुट्टीवर आले की खेळतो मी." तेरा वर्षांच्या त्या मुलाने स्वतःसाठी जो नियम केला होता तो कोणत्याही मंडळाच्या आकड्यात सापडणार नाही.

पण भीती अशी गोष्टींनी जात नाही, आणि आमच्या भागातली भीती विनाकारण आलेली नाही. २०१९ च्या सप्टेंबरात बेळगावजवळच्या एका गावातून, पबजीवरून झालेल्या वादातून तरुण मुलाने वडिलांचा जीव घेतल्याची बातमी आली आणि ती देशभर गाजली. पुढे कितीतरी महिने पालकसभेत दुसरा विषय निघत नव्हता. तो तरुण सज्ञान होता, आणि एवढ्या टोकाच्या घटनेमागे एकच कारण असते असे मानणे अवघड आहे, हे मी तेव्हाही सांगत होते. संशोधन काय सांगते ते दोन्ही बाजूंनी पाहावे. ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या वागण्याबद्दल त्यांच्या पालकांना विचारले आणि हिंसा मोजायला अधिकृत वर्गवारी वापरली. हिंसक गेम खेळणे आणि आक्रमक वागणे यांत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये म्हटले की आरडाओरड, ढकलाढकल अशा वागण्याशी थोडा संबंध दिसतो, पण गेममुळे माणूस प्रत्यक्ष हिंसाचार करतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही. गेमने मूल चिडचिडे होऊ शकते, त्याने ते खुनी होत नाही, इतपत आपण खात्रीने धरून चालू शकतो.

आता बंदीकडे येते, कारण कपाट हा आपल्या सगळ्यांचा पहिला उपाय असतो. नेदरलँड्समध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात ते सतरा वर्षांच्या मुलांना गेमची वर्णने दाखवली. ज्यांवर वयाची किंवा हिंसेची सूचना होती तेच गेम मुलांना जास्त हवेसे वाटले. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले. दहा वर्षांनी तो कायदा त्यांनी स्वतःच रद्द केला आणि वेळ ठरवण्याचे काम मुले व पालक यांच्याकडे सोपवले. चीनने २०१९ मध्ये मुलांच्या खेळण्याच्या वेळेवर बंधने आणली. २०२३ मध्ये खेळण्याच्या प्रत्यक्ष नोंदी तपासून झालेल्या एका अभ्यासाला त्या बंधनांमुळे फार खेळणाऱ्यांचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. दरम्यान २०२१ मध्ये चीनने मर्यादा आणखी आवळून शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच ठेवली. एवढ्या मोठ्या सरकारला जे जमणे कठीण गेले, ते आपल्या गोदरेजच्या कपाटाला जमेल अशी अपेक्षा कशी करावी?

बंदीने मूल हट्टी होते, बिघडते, असे म्हणतात. मला त्याहून मोठी काळजी निराळीच वाटते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या एका आठवीतल्या विद्यार्थ्याने वडिलांच्या मोबाईलवरून दीड महिन्यात चार हजार आठशे रुपये घालवले. त्याला यूपीआयचा पिन माहीत होता, कारण दुकानातून दूध आणताना तोच पैसे देत असे. एकदम काही घालवले नव्हते. ऐंशी, एकशे साठ, ऐंशी असे करत, बंदुकीवरची नक्षी आणि अंगावरचे कपडे घेतले होते. पहिल्या ऐंशी रुपयांना घाबरला होता, पण कोणाला सांगितले नाही. का नाही सांगितले, असे विचारल्यावर तो म्हणाला, "मी गेम खेळतो हेच घरी माहीत नव्हतं. मग पैशाचं कसं सांगू?"

सगळे नुकसान या एका वाक्यात आहे. ज्या घरात खेळणे हाच गुन्हा असतो, त्या घरात खेळताना घडलेले काहीच मूल सांगू शकत नाही. अनोळखी माणसाने फोटो मागितला, कोणी घाणेरडे बोलले, पैसे गेले, धमकी आली, तरी पहिली कबुली "मी खेळत होतो" हीच द्यावी लागते, आणि ती द्यायचे धैर्य तेराव्या वर्षी नसते. फाजील काळजीने मूल संकटापासून दूर राहत नाही, ते संकटात एकटे पडते.

म्हणून माझे मत असे आहे की हात सगळीकडे सारखा घट्ट धरू नये. पैसा, अनोळखी माणूस आणि झोप या बाबतींत घट्ट धरावा, अगदी सतराव्या वर्षापर्यंत. पडद्यावरची गोष्ट, युद्ध, भीती, दुःख या बाबतींत वयाप्रमाणे, आणि सोबत बसून, सैल करत जावा. आपण नेमके उलटे करतो. रक्त दिसले की मोबाईल काढून घेतो, आणि पिन मात्र मुलाला पाठ असतो.

पैशाचे काम एका संध्याकाळी होण्यासारखे आहे. पिन बदलावा, प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करावी, आणि लहान मुलांसाठी 'फॅमिली लिंक' हे गूगलचे पालकांसाठीचे अ‍ॅप लावून ठेवावे. जुगाराच्या बाजूने कायदाही आता कडक आहे: २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम सरसकट बंद केले, त्यात रमीसारखे खेळही आले, आणि ही बंदी मोठ्यांनाही लागू आहे. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती लागते असे म्हटले आहे. ते चांगले आहे, पण त्यात अठरा वर्षांखालचे सगळे एकाच दावणीला बांधले आहेत. सात वर्षांचे मूल आणि सतरा वर्षांचा पीयूसीचा, म्हणजे अकरावी-बारावीचा, विद्यार्थी यांच्यात फरक नाही. त्याच वर्षी चित्रपटांसाठी ७, १३ आणि १६ असे तीन टप्पे करण्याचे शहाणपण आपण दाखवले होते.

अनोळखी माणसाचे काम असे एका संध्याकाळी होत नाही, त्याला शेजारी बसावे लागते. मी बहिणीला तेच सांगितले आणि एका रविवारी जेवणानंतर ती बसली. मुलाने आढेवेढे घेतले, मग हेडफोनचा एक कान तिला दिला. विमानातून उडी, छत्री, एक पडके घर, कपाटातून बंदूक. तिला त्यात घाबरण्यासारखे काही दिसेना. पाचव्या मिनिटाला तिच्या कानात एका बाप्याचा आवाज आला, हिंदीत, चाळिशीचा असावा असा, आणि त्याने तिच्या मुलाला आईवरून शिवी दिली. ती दचकली. "हा कोण?" "रँडम आहे ग," असे म्हणून मुलाने शांतपणे त्याचा माइक बंद केला आणि पुढे खेळू लागला. तिने जन्मात पाहिला नव्हता असा एक पुरुष तिच्या मुलाच्या कानात बोलत होता, आणि त्याला गप्प कसे करायचे हे तिचा मुलगा आधीच शिकला होता. या दोन्ही गोष्टी तिला एकाच क्षणी कळल्या. कपाटाच्या किल्लीने दोन्ही कळल्या नसत्या.

तिला त्या दिवशी आणखी एक गोष्ट उमगली, जी मी पुष्कळ आयांना सांगून थकले होते. "एक मॅच संपवून येतो" हे नेहमी खोटे नसते. चौघांचा संघ असतो, मॅच मध्येच थांबवता येत नाही, उठून गेले तर बाकीचे तिघे अडचणीत येतात, आणि शेवटपर्यंत टिकले तर एक मॅच साधारण अर्धा तास चालते. जेवायला वाढल्यावर हाक मारून वायफाय बंद करण्यापेक्षा अर्धा तास आधी "आता नवीन मॅच सुरू करू नको" असे सांगितले की भांडण उरत नाही. त्यांच्या घरी आता दिवसाला दोन मॅच, परीक्षेच्या आठवड्यात शून्य, आणि रात्री साडेदहाला सगळ्यांचे मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, असे ठरले आहे. सगळ्यांचे म्हणजे बापाचाही. उद्यमबागच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून येणाऱ्या बापाला हे सुरुवातीला जड गेले, पण मुलाने सगळ्यात आधी तेच बघितले होते.

मुलींबद्दल वेगळे लिहिलेच पाहिजे. आमच्याकडे मुलाने किती खेळावे यावर वाद होतो, मुलीने खेळावे का यावर वादसुद्धा होत नाही. तरीही मुली खेळतात; मुलाचे नाव घेऊन, माइक बंद ठेवून. आवाज बाईचा आहे असे कळले की काय ऐकावे लागते ते त्यांना माहीत आहे, आणि घरी सांगितले तर गेमच नाही, मोबाईल आणि कदाचित बाहेरचा क्लासही जाईल हेही माहीत आहे. त्यांच्यावरची काळजी मुलांपेक्षा दुप्पट असते आणि त्यांचे एकटेपणही त्याच प्रमाणात. मला शक्य असते तर शेजारी बसण्याची सुरुवात मी प्रत्येक घरात मुलीपासून केली असती.

काही मुलांचे खेळणे खरोखर हाताबाहेर जाते, हे नाकारून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. त्याची खूण नुसते तास मोजून ठरत नाही: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण बारा महिने चालते. सुट्टीत चार तास खेळणारा, पण जेवणारा, मित्रांत जाणारा, अभ्यास करणारा मुलगा यात बसत नाही. शाळा सुटली, झोप उलटी झाली, आंघोळ टाळू लागला, तर मात्र चिडण्यात वेळ घालवू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून याच कामासाठी वेगळे केंद्र चालते.

बहिणीच्या घरचा ताजा प्रश्न असा, की भाच्याला आता 'जीटीए फाइव्ह' हवा आहे. गेम २०१३ चा आहे, त्यावर १८ आहे, आणि त्यात छळाचे एक दृश्य असे आहे की खेळणाऱ्याला ते स्वतःच्या हाताने करावे लागते. तिने नाही म्हटले. या वेळी कारण सांगून नाही म्हटले: रक्तासाठी नाही, त्या दृश्यासाठी आणि त्यात बायका ज्या तऱ्हेने दाखवल्या आहेत त्यासाठी. त्याने वर्गातल्या अर्ध्या मुलांची नावे घेतली, दोन दिवस तोंड फुगवले, मग विचारले की सोळाव्या वर्षी चालेल का. दहावीनंतर दोन वर्षांत पीयूसी संपून तो धारवाडला किंवा पुण्याला वसतिगृहात जाईल आणि तेव्हा विचारायलाही येणार नाही, हे तिला कळते आहे. दहावीची परीक्षा झाली की हा विषय पुन्हा काढायचा असे दोघांत ठरले आहे. त्याआधी तिला तो गेम तासभर स्वतः खेळून बघायचा आहे, आणि त्यासाठी येत्या रविवारी ती माझ्याकडे येणार आहे, कारण संगणक माझ्याकडे आहे.